पाणी न पिण्याची किंमत

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत समाजोपयोगी सेवांची उदाहरणे देताना दीपस्तंभ, रस्ते, पूल, दवाखाने यांचा आवर्जून उल्लेख असतो, मुतारीचा नसतो. वस्तुतः राज्यकर्त्यांचे लक्ष या विषयाकडे फार पूर्वीच गेलेले आहे. रोमचा सम्राट व्हेस्पासियन याने पहिल्या शतकात सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या लघवीवर कर बसविला होता, कारण कातडी कमावणाऱ्यांना आणि धोब्यांना ती लागत असे. कर बसविण्याइतकी जी गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली, ती सोय पुरविण्याइतकी महत्त्वाची आपल्या नगरपालिकांना, निदान निम्म्या लोकसंख्येच्या बाबतीत, अद्याप वाटलेली नाही.

आपल्याकडे लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. खानदेशच्या उन्हाळ्यात हे निदान पटण्यासारखे असले, तरी भाषेने येथे सारा दोष उन्हाच्या माथी मारून बाकीच्यांना मोकळे सोडले आहे. ऊन तर पुरुषांनाही लागते. मग हे दुखणे स्त्रियांनाच वारंवार का व्हावे? याचे पहिले कारण शरीररचनेत आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर. आतड्यात एरवी निरुपद्रवी असणारे ई. कोलाय जंतू एवढे छोटे अंतर सहज ओलांडून मूत्राशयात पोचतात. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात.

दुसरे कारण मात्र शरीराचे नव्हे, व्यवस्थेचे आहे. मूत्राशय वरचेवर रिकामे होणे हाच या जंतूंवरचा निसर्गाचा उपाय होय. लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय प्रयोगात, कमी पाणी पिणाऱ्या आणि हा त्रास वारंवार होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा पिण्यास सांगितले होते. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. उरलेल्या निम्म्यांना ३.२ वेळा. इतके स्वस्त औषध दुसरे क्वचितच असेल.

परंतु ते घ्यायचे कोणी? दुपारच्या सुटीत कोणत्याही महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून पाहावे. मुलांची झुंबड असते. खेड्यावरून सकाळच्या एस.टी.ने निघालेली मुलगी मात्र बाटलीतला एखादा घोट घेते, कारण घरी पोचेपर्यंतचे तास तिने मनाशी मोजलेले असतात. दोंडाईच्याहून धुळ्याला कोर्टकचेरीच्या कामासाठी जाणारी बाई निघताना चहासुद्धा टाळते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळू लागले. निर्णय स्वागतार्हच होता. पण भाडे निम्मे केले की प्रवासी स्त्रिया वाढणार, आणि प्रवासी वाढले की बसस्थानकावरील स्वच्छतागृहाची गरज वाढणार, हे मागणी-पुरवठ्याचे साधे गणित त्या निर्णयासोबत मांडायला हवे होते.

या गणितात एक अन्यायही दडलेला आहे. पुरुषाला लघवीसाठी पैसे पडत नाहीत. बाई आत कशासाठी गेली हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून तिच्याकडून शौचालयाचेच पैसे घेतले जातात. २०११ साली मुंबईत विविध संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभारली, तेव्हा ही तक्रार तिच्या अग्रभागी होती. पुढे ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये, स्त्रियांना स्वच्छ प्रसाधनगृह मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य करून, महानगरपालिकांना तशी सोय करण्याचे आदेश दिले. दोंडाईच्यासारखी नगरपरिषदेची गावे महानगरे नव्हेत, हे खरे. जगण्याचा हक्क मात्र लोकसंख्येनुसार बदलत नाही.

दोंडाईचा आणि नंदुरबार ही मिरचीची गावे. हंगामात पथारीवर मिरची वाळवणाऱ्या, निवडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या मजुरांत स्त्रिया फार. मिरचीचे हात धुतल्याविना अंगाला लावता येत नाहीत, हे कुणाही गृहिणीला ठाऊक आहे. तेव्हा या बायांसाठी नुसता आडोसा म्हणजे सोय नव्हे. पाणी आणि साबण नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

घाणेरड्या संडासात गेल्यामुळेच हा रोग जडतो, अशी एक समजूत आहे. ती बहुतांशी चुकीची आहे आणि घातकही, कारण तिच्यामुळे बाई लघवी दाबून धरते आणि नेमके नको तेच घडते. शौचानंतर पुढून मागे धुणे, घाई न करता लघवी पूर्ण होऊ देणे, शरीरसंबंधानंतर लघवीला जाणे, या सवयी सोप्या आहेत. अंतर्भाग साबणाने किंवा जंतुनाशकाने धुण्याची मुळीच गरज नाही. त्याने तेथील उपकारक जंतू मरतात. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले किंवा बाई गरोदर असली, तर धने-जिऱ्यावर विसंबू नये. मधुमेही आणि पाळी गेलेल्या स्त्रियांनीही त्रास पुन्हा पुन्हा होत असल्यास लघवी तपासून घ्यावी. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुन्हा घेणे तर सर्वांत वाईट. अशाने जंतू औषधाला सरावतात, आणि मग शेजारणीलाही ते औषध लागू पडत नाही.

याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. डॉक्टरची फी, तपासणी, गोळ्या, बुडालेली मजुरी हे सारे घरखर्चात जिरते. नगरपालिकेचे पैसे वाचतात आणि तेच पैसे बायका भरतात, इतकाच याचा अर्थ. शिवाय आपल्याकडे अनुदान मिळते ते बांधकामाला. फरशी बसते, कोनशिला बसते, फीत कापली जाते. रोज दोनदा सफाई करणाऱ्याचा पगार, पाण्याचे बिल, तुटलेली कडी हा आवर्ती खर्च, आणि त्याचे उद्घाटन होत नाही. म्हणून स्वतंत्र लेखाशीर्षाखाली आधी देखभालीची तरतूद आणि मगच नवे बांधकाम, असा क्रम नगरपरिषदांनी लावला पाहिजे. आज तो नेमका उलटा आहे.

एक गोष्ट मात्र विनाखर्चाची आहे. अनेक शाळांतून व कचेऱ्यांतून स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली मुख्य लिपिकाच्या टेबलाच्या खणात. पुरुष सहकाऱ्यांसमोर ती मागण्यापेक्षा तरुण शिक्षिका पाच वाजेपर्यंत थांबणे पसंत करते. ते कुलूप येत्या सोमवारी निघू शकते.