निजेला धोंडा नको, वेळ हवा!

आपल्या मंडळात कोणी ‘मला मधुमेह निघाला’ असे सांगितले, की दहा जण आस्थेने चौकशी करतात. डॉक्टर कोणता, पथ्य काय, पुढच्या कार्यक्रमात बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास! तेच कोणी ‘मला रात्ररात्र झोप लागत नाही’ म्हणाले, की चौकशी नाहीच, थेट निकाल. पहिला म्हणतो, ‘फार विचार करतोस.’ दुसरा म्हणतो, ‘अंगाला कष्ट नाहीत, झोप येणार कुठून?’ तिसरा हळूच बाजूला घेऊन सांगतो, ‘पुण्याहून आणलेली गोळ्यांची स्ट्रिप आहे घरी, अर्धी घेऊन बघ.’ आणि चौथा, जो मला सर्वांत धोकादायक वाटतो, तो छाती पुढे काढून म्हणतो, ‘आपण तर बुवा चार तासांत ताजेतवाने!’

मंडळी, या चारही निकालांविरुद्ध माझे अपील आहे, आणि ते मी स्वानुभवाने करतो आहे. २०१८ साली एका ग्राहकाची संपूर्ण संगणकप्रणाली बदलण्याचे काम माझ्याकडे होते. बदल पार पडला, प्रणाली स्थिरावली, पेढे वाटून झाले. माझी झोप मात्र परत आली नाही. पुढचे चौदा महिने आठवड्यातल्या चार-पाच रात्री मी दोन ते पाच टक्क जागा असे. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि निदान तीन महिने हे असे चालले, की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. म्हणजे हा दुखण्याचा प्रकार आहे, स्वभावाचा नव्हे. इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करताना परीक्षेच्या काळात मीही जागरणे केली, पण जागरण वेगळे आणि झोप न लागणे वेगळे. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी माणूस गाढ झोपतो. निद्रानाशवाल्याला ते सुखही नसते.

अशा वेळी आपण ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण तोंडावर फेकतो. म्हण खोटी नाही. पण ती कोणाची? उजाडता शेतावर जाणाऱ्याची, दिवेलागणीला जेवणाऱ्याची आणि अंधार पडला की पाठ टेकणाऱ्याची. त्याला धोंडा पुरत असे, कारण बाकीचे सगळे त्याच्याकडे होते: दिवसा उजेड, रात्री अंधार आणि निजण्या-उठण्याची ठरलेली वेळ. शरीरातले घड्याळ नेमके याच गोष्टींवर लावले जाते. ते घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मस्कतच्या घरी आज उशी मेमरी फोमची आहे, पण या तिन्ही गोष्टींचा पत्ता नाही!

जरा हिशेब मांडू. पुणे आपल्या दीड तास पुढे, लंडन हिवाळ्यात चार तास मागे, ह्यूस्टन दहा तास मागे. हिंजवडीतली टीम नऊला कामाला बसते तेव्हा इथे साडेसात. ह्यूस्टनचा साहेब दुपारचे जेवण उरकून एक वाजता फोन लावतो, तेव्हा इथे रात्रीचे अकरा. ३० एप्रिल २०१३ पर्यंत ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती; शनिवार-रविवार पाळणाऱ्या जगाशी आपला सुट्टीचा एकही दिवस जुळत नव्हता. १ मे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाला, तरी जुळतो तो एकटा शनिवार. शुक्रवारी लंडन जागे, रविवारी आपले ऑफिस सुरू. त्यात शाळेची बस सकाळी सव्वासहाला दारात. आणि हे फक्त आम्हा संगणकवाल्यांचे नाही. इस्पितळातल्या नर्स, तेलकंपन्यांतले पाळीवाले यांचे घड्याळ तर आठवड्यागणिक फिरते.

हवेचेही तसेच. झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. आणि आपण राहतो कुठे? २६ जून २०१८ रोजी आपल्या शेजारच्या कुरियातमध्ये चोवीस तासांतले तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलेच नाही. हो, हा किमान तापमानाचा आकडा आहे! मग आपण एसी घरातून एसी गाडीत आणि एसी गाडीतून एसी ऑफिसात जातो. इतक्या लख्ख उन्हाच्या देशात राहून डोळ्यांना सकाळचा उजेड मिळत नाही, आणि रात्री मात्र मोबाइलचा मिळतो. तेव्हा ‘फार विचार करतोस’ म्हणणाऱ्यांनी आधी थोडा विचार करावा.

आता खरा मुद्दा. निमित्त गेल्यावरही निद्रानाश का राहतो? आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली याची तीन कारणे मांडली: माणसाचा मूळ पिंड, एखादे निमित्त आणि दुखणे टिकवून ठेवणाऱ्या सवयी. निमित्त निघून जाते, सवयी मुक्कामाला राहतात. झोप भरून काढायची म्हणून नऊलाच अंथरुणात शिरायचे. सुट्टीला अकरापर्यंत लोळायचे. मध्यरात्री घड्याळ पाहून ‘आता तीनच तास उरले’ अशी वजाबाकी करायची. दिवसभर तरतरीसाठी करक चहा ढोसायचा. चहा-कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या करकमधले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही आपल्या सोबतीला असते.

यावर उपाय आहे, आणि तो गोळीचा नाही. बोधात्मक वर्तनोपचार असे त्याचे जड मराठी नाव. डॉक्टर त्याला ‘सीबीटी-आय’ म्हणतात. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सांगितले. मी तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली केला. दोन आठवडे झोपेची डायरी लिहिली. झोप सरासरी साडेपाच तास निघाली. म्हणून अंथरुणात साडेपाच तासच राहायचे ठरले: रात्री बारा ते पहाटे साडेपाच, शुक्रवारीसुद्धा! दुपारची डुलकी बंद. वीसेक मिनिटे झाली आहेत असे वाटले आणि झोप नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचे. डोळे जड झाले की परत. फोनचा मुक्काम दिवाणखान्यात. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. त्या काळात मी गाडी चालवली नाही, शेजाऱ्यांबरोबर ऑफिसला गेलो. तिसऱ्या आठवड्यात झोप सलग लागू लागली. मग पंधरा-पंधरा मिनिटे वाढवत गेलो. आज अकरा ते साडेपाच झोपतो. एखादी रात्र अजूनही बिघडते, पण तिची भीती गेली.

एक सूचना मात्र आवर्जून. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, किंवा गाडी अथवा यंत्र चालवण्याचे काम असेल, तर झोपेचे तास असे कमी करणे धोक्याचे; आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे हे वेगळे दुखणे असू शकते. त्याची तपासणी वेगळी.

गोळीवाल्या मित्रांशी माझे भांडण अधिक कडक आहे. डॉक्टरांनी तपासून थोड्या दिवसांसाठी दिलेल्या औषधाविरुद्ध मी बोलत नाही. पण ज्या अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेमच्या स्ट्रिपा चकली-चिवड्याच्या डब्यांशेजारी बॅगेतून येतात, ती औषधे भारतातच २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. विकताना दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. झोल्पिडेमची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्मी केली आणि झोपेत चालणे, गाडी चालवणे अशा प्रकारांबद्दल २०१९ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ओमानमध्ये स्वतःच्या नावाची चिठ्ठी नसताना अशी गोळी बाळगणे म्हणजे कायद्याशी गाठ. मैत्रीपोटी दुसऱ्याला देऊ नका. आणि जे बरेच दिवस घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून एकदम बंदही करू नका; डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

‘मग वामकुक्षीचे काय?’ असे पुणेकर विचारतीलच. ज्याला रात्री झोप येते त्याने खुशाल घ्यावी. मत्राहचा सूक दुपारी मिटतो, पुण्यात चितळेही २०१७ पर्यंत एक ते चार मिटत असत. दोघांनाही दुपारचे मोल कळत होते. पण दुपारच्या विश्रांतीला दिवसाच्या वेळापत्रकात मानाची जागा देणे वेगळे आणि रात्रीची उधारी दुपारी फेडणे वेगळे.

‘नोकरीच तशी, आपल्या हातात काय?’ हा शेवटचा आक्षेप अर्धा खरा आहे. ह्यूस्टनचे घड्याळ आपल्या हातात नाही. पण आपले मंडळ कोणत्या ह्यूस्टनच्या वेळेवर चालते? पत्रिकेवर सात, पडदा उघडतो सव्वाआठला. मग दीपप्रज्वलन, मनोगते, सत्कार. नाटक संपेपर्यंत साडेअकरा, पंगत बाराला, पार्किंगमधल्या गप्पांसह घरी एक. मांडीवर झोपलेले पोर दुसऱ्या दिवशी सव्वासहाच्या बसला उभे, आणि त्याचा बाप अर्धवट डोळ्यांनी सुलतान काबूस रस्त्यावर ताशी १२०ने! या लेखाची मागणीसुद्धा मला व्हॉट्सअॅपवर रात्री पाऊणला आली. संपादकांना दोष देत नाही. त्यांनाही झोप येत नसावी.

म्हणून कार्यकारिणीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ज्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा आहे असा एकही कार्यक्रम रात्री दहाच्या पुढे जाऊ नये. मंडळाच्या ग्रुपवर रात्री दहा ते सकाळी सहा कोणी काही टाकू नये. सुप्रभातचे फूल सहानंतरही ताजेच राहते. आणि आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखरेबरोबर ‘झोप कशी लागते?’ हा एक प्रश्न फॉर्मवर छापावा. यातल्या एकाही मागणीला बैसाचा खर्च नाही.

पुढच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर ‘कार्यक्रम सुरू होण्याची वेळ’ याखाली ‘संपण्याची वेळ’ अशीही एक ओळ छापा, आणि ती पाळा. त्या रात्री मंडळातली निदान दहा-बारा घरे वेळेवर निजतील.