निर्वासितांच्या रक्षणाला अटी कसल्या?

४ मे १९७८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने विमाने व छत्रीधारी सैनिक पाठवून अंगोलातील कासिंगा येथे नामिबियन निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला चढविला. सुमारे सहाशे माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. ती वस्ती नसून ‘स्वापो’चे लष्करी ठाणे होते, हा प्रिटोरियाचा बचाव होता.

पुढे जिनेव्हातील वाटाघाटी याच बचावाभोवती घुटमळत राहिल्या. छावण्यांवरील लष्करी हल्ल्यांविषयी माजी उच्चायुक्त फेलिक्स श्नायडर यांचा अहवाल १९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यकारी समितीपुढे आला. आफ्रिकी राष्ट्रांना हल्ल्यांचा निःसंदिग्ध निषेध हवा होता. पाश्चात्त्य सरकारांचा आग्रह मात्र छावण्या निव्वळ नागरी असल्या पाहिजेत या अटीवर होता. अखेर १९८७ साली संमत झालेल्या ४८ व्या निष्कर्षात हल्ल्यांचा निषेध झाला खरा. पण छावण्यांचे स्वरूप केवळ नागरी व मानवतावादी आहे, हे गृहीत धरूनच. शिवाय तो निष्कर्ष कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हता.

ही अट पाळली म्हणजे रक्षण मिळते काय? याचे उत्तर बैरुतने १९८२ सालीच दिले होते. अमेरिकी दूत फिलिप हबीब यांच्या मध्यस्थीने पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या सैनिकांनी ऑगस्टमध्ये शहर सोडले. मागे राहणाऱ्या नागरिकांच्या सुरक्षिततेची हमी त्या करारात होती. सप्टेंबरच्या पूर्वार्धात बहुराष्ट्रीय फौज निघून गेली. १६ ते १८ सप्टेंबर या काळात इस्रायली सैन्याच्या वेढ्यात फलांजिस्टांनी साब्रा व शातिला येथे कत्तल केली. सैनिक गेले होते, हमीदारही गेले होते. उरले होते ते निःशस्त्र निर्वासित.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील जबालिया छावणीवर बाँब पडले, तेव्हा हमासचा सेनानी तेथे होता, असे इस्रायलने सांगितले. प्रिटोरियाचीच ही सबब!

छावणीत शस्त्रे नसावीत, हे योग्यच आहे. ती जबाबदारी आश्रय देणाऱ्या राज्याची व आंतरराष्ट्रीय संस्थांची होय. तिच्यातील कसुरीची शिक्षा झोपडीतील बालकाला देण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून यापुढील प्रत्येक वाटाघाटीत तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे: हल्ल्यांना बिनशर्त बंदी, प्रत्येक हल्ल्याची निःपक्ष चौकशी आणि हमी देणाऱ्यांची जागेवरील हजेरी. जागतिक लोकमताच्या संघटित दडपणाविना यांपैकी एकही गोष्ट पदरात पडणार नाही.