थोडी वाट वाकडी करून

मैत्रिणींनो, आपल्या घरातला कुठलाही प्रवास आठवून पाहा. दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, उलटीच्या गोळ्या, सगळं आपण भरायचं. पण गाडी कुठं थांबवायची हे डबा भरणारी ठरवत नाही, चाक ज्याच्या हाती तो ठरवतो. रस्त्याकडेला सुरेख तळं दिसतं, "थांबू या का जरा?" असं ओठावर येतं, तोवर ते मागं पडलेलं असतं. "येताना बघू" म्हणतात. येताना अंधार झालेला असतो!

म्हणूनच आज एकटीच्या प्रवासाबद्दल लिहिते आहे. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही. आपली स्कूटर, आपला दिवस, आणि वाटेल तिथं थांबायची मुभा.

"हे तरुण पोरींचं काम," असं तुम्ही म्हणाल. पुण्याची वेदांगी कुलकर्णी खरोखरच वीस वर्षांची होती. २०१८ साली तिनं सायकलवरून १४ देशांतून सुमारे २९ हजार किलोमीटर प्रवास १५९ दिवसांत केला. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चोरांनी चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढं निघाली. मी जो प्रवास सांगणार आहे तो तिच्या सरासरी एका दिवसाइतकाही भरत नाही. पण घरातून एकटीनं बाहेर पडताना उंबरठा तेवढाच उंच असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात मी निघाले तेव्हा बेत असा होता : पुण्याहून भोर, पुढं नीरा-देवघर धरणाच्या काठानं वरंधा घाट उतरायचा आणि महाडला मावशीकडं मुक्काम. सासूबाईंनी विचारलं, "अगं, एकटी? आणि काम काय तिकडं?" मावशीचं नाव काढल्यावर त्यांचं समाधान झालं. बाईच्या प्रवासाला काम तरी लागतं, नाहीतर माणूस तरी!

भोरचा फाटा कापूरहोळला लागतो. संभाजीमहाराजांना दूध पाजणारी धाराऊ याच गावची. तिथं पाच मिनिटं थांबले, वाटेत भाटघर धरण डोळे भरून पाहिलं आणि भोरला चहा घेतला. १९४८ पर्यंत हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव होतं, त्यांचा राजवाडा अजून उभा आहे. चहावाल्यानंच सांगितलं, "ताई, कोकणात जोराचा पाऊस आहे. सकाळीच घाट बंद केलाय." अलीकडं पावसाळ्यात हा घाट अवजड गाड्यांना बंद असतो आणि मोठ्या पावसाचा इशारा आला की सगळ्यांनाच बंद करतात. दरडींचा घाट तो, तिथं हट्ट कामाचा नाही.

आता काय? घरी परत फिरावं, हे पहिलं मनात आलं. काम गेलं, म्हणजे प्रवासही गेला! पण घड्याळात साडेदहाच झाले होते. पूर्ण दिवस हाताशी होता. तो परत का करायचा? मावशीला फोन केला, घरी फोन केला, "वेल्ह्याला जाऊन संध्याकाळी परत येते" असं सांगितलं आणि स्कूटर वळवली.

हायवेला येऊन नसरापूर फाट्यानं आत शिरले. नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं बनेश्वराचं मंदिर आहे. गर्द झाडीत डबा खाल्ला. पुढं मार्गासनीकडं जाताना ढग बाजूला झाले आणि राजगड दिसला. धाकटे शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे असताना, १६५९ साली, सईबाई याच गडावर वारल्या. पद्मावती माचीवर त्यांची समाधी आहे. सकाळी कापूरहोळ, दुपारी राजगड. एका लेकराच्या दोन्ही आया त्या दिवशी मला रस्त्यात भेटल्या. ठरलेल्या वाटेनं गेले असते तर एकच भेटली असती.

विंझरच्या अलीकडं भाताची लावणी चालली होती. बघत उभी राहिले तर बांधावरची एक बाई म्हणाली, "कुनाच्यात आलाय ताई?" म्हटलं, "कुनाच्यात नाही. अशीच आले, बघायला." ती क्षणभर गप्प झाली. मग हसून म्हणाली, "बरं केलंत. आमाला कुटं सापडतंय असं! बसा घटकाभर." बसले. ते वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. (तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली झाला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) केळदजवळचा मढे घाट पाहायचा मोह झाला, पण उशीर झाला असता म्हणून सोडला. पाऊस उघडला होता. दोघांना विचारून खात्री केली आणि पाबे घाटानं खानापूर, खडकवासल्यावरून दिवेलागणीआधी घरी. दिवसभरात दीडेकशे किलोमीटर झाले.

तुम्हीही निघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. जागा हवी तेवढी बदला, घरी पोचायची वेळ बदलू नका. बेत बदलला की गाव सोडण्यापूर्वी घरी एकाला तरी कळवा, डोंगरात फोन लागेलच असं नाही. म्हणूनच सुटे पैसेही जवळ असू द्या. पेट्रोलची टाकी हायवेवरच भरा. रस्ता विचारायचा तर एसटीच्या ड्रायव्हरला किंवा दुकानदाराला विचारा, आणि एकाला विचारून थांबू नका. पावसात धबधब्याच्या धारेखाली जायचं नाही. आणि आपण बायका प्रवासात तहानलेल्या राहतो, तसं करू नका. पेट्रोलपंप, एसटी स्टँड, मोठी देवळं इथं सोय पाहून ठेवा आणि पोटभर पाणी प्या.

पहिल्यांदा फार लांब जायला नको. तुमच्या गावाबाहेरचा जो फाटा वर्षानुवर्षं नुसता पाटीवर वाचलाय, तिथं एकदा वळून पाहा. काम काय म्हणून कुणी विचारलं, तर येताना पाच किलो इंद्रायणी तांदूळ आणा. मी आणला होता. सासूबाईंना फार आवडला. पुढच्या वेळी कधी जाणार, असं आता त्याच विचारतात!