ताळा दोनदा हवा



गुणाकार झाल्यावर ताळा करून पाहण्याची सवय तुमच्यापैकी किती जणांना आहे? २३ गुणिले १४ बरोबर ३२२. आता नऊचा ताळा पाहू. २३ मधील अंकांची बेरीज ५, १४ मधील अंकांचीही ५. पाच पाचे पंचवीस. २ आणि ५ मिळून ७. उत्तरातील ३, २ आणि २ यांची बेरीजही ७. ताळा जमला! वही गुरुजींकडे जाण्यापूर्वीच तुमची खात्री पटली.

पण समजा, घाईत तुम्ही ३२२ ऐवजी २३२ लिहिले. अंकांची बेरीज पुन्हा ७ च. ताळा जमला, उत्तर मात्र चुकले! ही चूक गुरुजींनाच सापडेल. म्हणजे ताळा केला म्हणून गुरुजींची तपासणी टळत नाही, आणि गुरुजी तपासणार आहेत म्हणून ताळा सोडून चालत नाही. मोबाईलवर भरल्या जाणाऱ्या प्रत्येक अर्जाला हाच नियम लावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

बारामती तालुक्यातील पणदरे गावाचे उदाहरण घेऊ. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा हा भाग. शेतातील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचे नाव व क्षेत्र भरतो, छायाचित्र काढतो आणि नोंद पाठवतो. पुढे पिकाचे नुकसान झाले, तर मदत मागताना हीच नोंद कामी येते. एका चुकीच्या आकड्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागू शकते.

आता समजा, उसाचे क्षेत्र आहे ०.८० हेक्टर आणि बोट घसरून ८.० भरले गेले. गटाचे एकूण क्षेत्रच १ हेक्टर असेल, तर फोनने तिथल्या तिथे विचारायला हवे, ‘एवढी जमीन या गटात नाही, पुन्हा पाहता का?’ शेतकरी बांधावरच आकडा दुरुस्त करील. फोनने न विचारता नोंद तशीच पुढे पाठवली तर काय होईल? ती सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाकडे जाईल. उसात रेंज कमी. नकार येईपर्यंत शेतकरी घरी पोहोचलेला असेल. पुन्हा शेत, पुन्हा छायाचित्र. फोनवरचा ताळा ही त्याचे श्रम वाचवणारी सोय आहे.

मग फोननेच सगळे तपासले तर सर्व्हरला काम ते काय उरले? येथेच पुष्कळांची फसगत होते. फोनवरची तपासणी ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या ताब्यात असते. संगणकाची जाण असलेला माणूस ती बंद करू शकतो. इतकेच काय, अर्ज मुळीच न उघडता हवी ती माहिती थेट सर्व्हरकडे पाठवू शकतो. वर्गातल्या एखाद्याने ‘मी ताळा केला आहे’ असे म्हटले, तर गुरुजी न पाहताच गुण देतील का? सर्व्हरनेही देता कामा नये.

शिवाय काही गोष्टी फोनला कळूच शकत नाहीत. आधार क्रमांक घ्या. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. त्याच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक ताळ्याचा असतो. व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ते नेमके पकडते. आपल्या नऊच्या ताळ्याला हे जमले नव्हते! हा हिशेब फोन रेंज नसतानाही करू शकतो. परंतु तो क्रमांक खरोखर कोणाला दिला आहे का, हे सर्व्हरच्या नोंदी पाहूनच कळते. एस. टी. च्या आरक्षणाचेही तसेच. दोघांच्या फोनवर १२ नंबरची जागा एकाच वेळी रिकामी दिसेल. ती आधी कोणी घेतली, हे सर्व्हरच सांगणार.

कोणी म्हणेल, दोनदा तपासायचे म्हणजे दुप्पट खटाटोप. खटाटोप आहे खरा. पण पहिली तपासणी भरणाऱ्याची अडचण दूर करते आणि दुसरी सर्वांच्या नोंदी राखते. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. मात्र दोन्हीकडचे नियम सारखे हवेत. फोनने ‘ठीक’ म्हणायचे आणि सर्व्हरने तेच नाकारायचे, यात बिचारा भरणारा गोंधळून जातो. आणि नाकारायचेच, तर कोणत्या रकान्यात काय चुकले ते साध्या मराठीत सांगावे. भरलेली बाकीची माहिती पुसून टाकू नये. नुसत्या लाल अक्षरांनी कोणाला शहाणपण येत नाही.

तुमच्यापैकी काही जण पुढे असे अर्ज तयार करतील. तेव्हा रेंज शोधत बांधावर उभा असलेला शेतकरी आठवा आणि ज्यांच्या नोंदी सर्व्हरमध्ये आहेत ते हजारो लोकही आठवा. तोवर घरी कोणी शिष्यवृत्तीचा किंवा पिकाचा अर्ज भरत असेल, तर शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून दाखवा. यंत्राच्या दोन ताळ्यांआधीचा तो तिसरा ताळा तुमचा!