अडला तो ‘व’

दोन भागांचा कीबोर्ड घेऊन तीन आठवडे झाले. मनगटं आता बाहेरच्या बाजूला मुडपत नाहीत, खांदे मोकळे राहतात. अडला तो फक्त ‘व’. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळ-मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. पण ‘व’ येतो इंग्रजी ‘बी’च्या कळीवर, आणि ती इथे डाव्या अर्ध्यात गेली आहे. वीस वर्षं मी ती उजव्या तर्जनीनं दाबत आलो. पहिल्या आठवड्यात बोट फटीत पडायचं, साधं ‘विठ्ठल’ लिहितानाही थांबावं लागायचं. मग रोज सकाळी दहा मिनिटं, सावकाश, नुसते ‘व’चे शब्द लिहिले. मनगट दुखत असेल तर कीबोर्डचा हा बदल कराच. फक्त कामाची घाई नसलेल्या आठवड्यात सुरुवात करा.