पेशी आपल्या, तरी प्रश्न विचारा

रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून सांध्यातील इजा झालेली कूर्चा भरून काढण्याच्या उपचाराला देशात 2017 मध्ये परवानगी मिळाली. मालवण किनाऱ्यावरील कुटुंबांना मात्र मोठ्या उपचारांसाठी आजही गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. पेशी काढायला एक फेरी, रोपणाला दुसरी, मग महिनोन्‌महिने व्यायाम. रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला हे परवडावे कसे? त्याच्या संकोचाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. उलट ‘पेशी स्वतःच्याच, मग धोका कसला’ हा समज अधिक घातक. कूर्चेच्या या उपचाराला मान्यता असली, तरी मान्यता नसलेले मूलपेशी उपचार वैद्यकीय चाचणीबाहेर करू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. मान्यता, एकूण खर्च आणि पाठपुरावा मालवणीतून समजावणारा सल्लाकक्ष सिंधुदुर्गातील ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने सुरू करावा.