तीन टक्क्यांचा दगड

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या घराघरांत एका दगडाची चर्चा होती. ‘२०२४ वायआर४’ असं त्या लघुग्रहाचं रुक्ष नाव. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळू शकतो, आदळलाच तर ज्या पट्ट्यात आदळेल त्यात मुंबईही येते, आणि एक अख्खं शहर उद्ध्वस्त करण्याची ताकद त्याच्यात आहे, अशी ती बातमी होती. जानेवारीच्या अखेरीस टकरीची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती दोन टक्क्यांपलीकडे गेली आणि १८ तारखेला ३.१ टक्क्यांवर पोचली. एवढ्या आकाराच्या दगडासाठी एवढी मोठी शक्यता ‘नासा’च्या नोंदींत त्याआधी कधीच निघाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती निम्म्यावर आली आणि २४ तारखेला ०.००४ टक्के उरली.

त्या चढत्या आकड्यांच्या दिवसांत बोरिवलीहून माझ्या आत्याचा फोन आला होता. आत्या घाबरट नाही. आयुष्यभर तिनं शाळेत गणित शिकवलं आहे. तिचा प्रश्न सरळ होता : “अरे, रोज आकडा वाढतोच आहे. धोका नसता तर तो कमी व्हायला नको का?” तिनं तीन वाहिन्या पाहिल्या होत्या, दोन वर्तमानपत्रं वाचली होती. आकडा सगळीकडे होता. तो का वाढतो आहे, हे एकाही ठिकाणी तिला सापडलं नव्हतं.

मला वाटतं, विज्ञानाच्या बातमीचा खरा गाभा तोच असतो आणि आपण नेमका तोच गाळतो. म्हणून एवढ्या उशिरा का होईना, आत्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडतो.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या ‘ॲटलास’ प्रकल्पाच्या दुर्बिणीला दिसला. दोनच दिवसांपूर्वी, नाताळच्या दिवशी, तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे सापडला तेव्हा तो आपल्याकडे पाठ करून चालला होता आणि रोज अंधूक होत होता. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण चार वर्षं लागतात. त्या चार वर्षांच्या वाटेवरचे जेमतेम काही आठवडे पाहायचे आणि त्यावरून आठ वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल ते सांगायचं, असं हे काम. मोजमापातली केसाएवढी चूक आठ वर्षांत लाखो किलोमीटरची होते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ एक जागा सांगत नाहीत. त्या दिवशी तो जिथे जिथे असू शकतो अशा सगळ्या जागांचा एक लांबट, अरुंद पट्टा ते आखतात.

आता हिशेब सोपा करून पाहू. समजा, तो पट्टा पृथ्वीच्या शंभर व्यासांएवढा लांब आहे आणि पृथ्वी त्याच्या आत कुठेतरी आहे. दगड पट्ट्यात कुठेही असू शकतो, तेव्हा टकरीची शक्यता शंभरात एक. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी निरीक्षणं आली, चूक कमी झाली, पट्टा आखडून बत्तीस व्यासांवर आला. पृथ्वी अजून आतच आहे. आता शक्यता बत्तिसात एक, म्हणजेच ३.१ टक्के. या काळात दगडानं वाट बदललेली नाही. तो होता त्याच मार्गावर होता. आपली माहिती वाढली, म्हणून आकडा वाढला. मग पट्टा आणखी आखडला, त्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं, पृथ्वी बाहेर राहिली आणि शक्यता एकदम कोसळली. पट्टा आखडत असताना पृथ्वी शेवटपर्यंत त्यात राहिली, तर मात्र आकडा शंभराकडे जातो. बहुतेक वेळा तसं होत नाही, आधी चढ आणि मग उतार असंच होतं.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसाला हे नवीन वाटू नये. जून २०२० च्या सुरुवातीला ‘निसर्ग’ चक्रीवादळ येत होतं तेव्हा हवामान खात्याच्या नकाशावरचा तो पंख्यासारखा पसरलेला आकार आपण सगळ्यांनी पाहिला होता. सुरुवातीला त्यात उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातपर्यंतचा किनारा येत होता. दिवसागणिक पंखा मिटत गेला, मुंबई त्याच्या आतच राहिली आणि म्हणून मुंबईची धास्ती वाढत गेली. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. मुंबई बरीचशी वाचली. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. अंदाज चुकला असं म्हणणारे तेव्हाही भेटले होते. अंदाज चुकला नव्हता, तो अरुंद होत गेला होता.

लघुग्रहाच्या बाबतीत हा चढ-उतार होईल, हे युरोपीय अवकाश संस्थेनं जानेवारीअखेरच सांगून ठेवलं होतं. शक्यता आधी वाढेल आणि मग बहुधा शून्यावर येईल, इतक्या सरळ शब्दांत ते निवेदन होतं. फेब्रुवारीच्या मध्यात काही दिवस नवी निरीक्षणं जवळजवळ थांबली, त्याचंही कारण साधं होतं : १२ तारखेला माघी पौर्णिमा होती आणि चंद्राच्या उजेडात इतका अंधूक ठिपका दिसत नाही. पौर्णिमा सरली, दुर्बिणी पुन्हा कामाला लागल्या आणि आठवड्याभरात निकाल लागला. एखाद्या शाळकरी मुलालाही रंगवून सांगता येईल अशी ही हकिगत आहे. ती सांगितली गेली असती तर त्या दिवसांत लाखो लोक विज्ञान प्रत्यक्ष घडताना पाहू शकले असते.

मुंबईचं नाव आलं त्याबद्दलही दोन शब्द. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडत दक्षिण आशियापर्यंत येत होता. हजारो किलोमीटरचा पट्टा, त्यातलं बरंचसं पाणी. ३.१ टक्के हा आकडा सबंध पृथ्वीचा होता. मुंबईच्या वाट्याला त्यातला अगदी बारीकसा अंश येत होता. ‘मुंबईवर तीन टक्के धोका’ असा जो अर्थ घरोघरी पोचला तो सरळसरळ खोटा होता, आणि ही चूक मी किरकोळ मानत नाही. शहराचं नाव मथळ्यात घातलं की बातमी विकली जाते हे मला कळतं. पण त्याची किंमत कुणाची तरी आई, कुणाचं तरी शाळेत जाणारं मूल रात्री जागून मोजतं.

मग अशा गोष्टी निश्चित होईपर्यंत सांगूच नयेत का? जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत कोलकात्याच्या एका हौशी निरीक्षकाला धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं आणि लोकांत घबराट नको म्हणून ती गोष्ट दाबून ठेवली जाते. आज जगानं उलटा मार्ग निवडला आहे आणि तो योग्य आहे. दहा मीटरहून मोठ्या वस्तूची टकरीची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली की लघुग्रहांबाबत इशारा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यानं ते जाहीर करायचं, असा नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीतून हे जाळं उभं राहिलं आणि २९ जानेवारी २०२५ ला त्यानं नियमाप्रमाणे सूचना काढली. त्यानंतरचे सगळे आकडे रोजच्या रोज कुणालाही पाहता येत होते. काहीही लपवलेलं नव्हतं. लपवलेलं नसणं आणि समजावून सांगितलेलं असणं यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, ती भरणं हे आम्हा लिहिणाऱ्यांचं काम. नारळीकर सरांनी ते मराठीत अर्धशतक केलं. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर स्वतः लिहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले, वायआर४ ची धास्ती ओसरल्यावर तीन महिन्यांच्या आत.

दगडाच्या आकाराबद्दलही अशीच धूसर माहिती फिरत होती. सुरुवातीचा अंदाज ४० ते ९० मीटर असा होता, पुढे मार्चअखेर जेम्स वेब दुर्बिणीनं तो पाहिला तेव्हा सुमारे ६० मीटर निघाला. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का इथे साधारण याच आकाराची वस्तू हवेतच फुटली आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं जंगल झोपलं. तेव्हा भीती अगदीच निराधार नव्हती. पण आपल्याकडे लगेच लोणारचं चित्र दाखवायला सुरुवात झाली, ते गैरलागू होतं. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. काळ्या बेसॉल्टमध्ये तो खड्डा पाडणारी वस्तू वायआर४ पेक्षा फारच दमदार असली पाहिजे. (लोणारची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण ते आघातानंच झालं हे १९७३ मध्ये पक्कं ठरलं. वयाचे अंदाज तर अजूनही पन्नास हजार वर्षं ते पावणेसहा लाख वर्षं इतके लांब-लांब आहेत.)

लोणारऐवजी दाखवायला हवं होतं ते रशियातलं चेल्याबिन्स्क. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी तिथे सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. आकाशात सूर्याहून प्रखर उजेड पडला, तो बघायला लोक खिडक्यांशी धावले, आणि एक-दोन मिनिटांनी हवेचा धक्का पोचला. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, त्यांतली बहुतेक फुटलेल्या काचांनी. एका शाळेतल्या शिक्षिकेनं मात्र वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं होतं. मुलांना ओरखडा आला नाही, त्या स्वतः काचेनं जखमी झाल्या. आकाशात असा झगझगाट दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, धक्का नंतर येतो. वायआर४ च्या धास्तीच्या दिवसांत एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक वाहिनीनं सांगितली असती, तरी बातमी उपयोगाला आली असती. 

आणखी एक गोष्ट बातम्यांत आली नाही, की आपल्या हाताशी आठ वर्षं होती. २६ सप्टेंबर २०२२ ला ‘नासा’च्या ‘डार्ट’ यानानं डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर स्वतःला आदळून घेतलं आणि त्याची जोडीदाराभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून ११ तास २३ मिनिटांवर आणली. दगड ढकलता येतो, हे माणसानं करून दाखवलं आहे. मला तर ही आपल्या पिढीतली सर्वांत अभिमानाची बातमी वाटते. तिला मिळालेली जागा मात्र बेताचीच होती.

आणि निकालाची बातमी? मी तेव्हा लक्ष ठेवून होतो. ज्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मुंबईचा नकाशा आणि लाल बाण आला होता, त्याच वर्तमानपत्रात ‘धोका टळला’ ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. ‘टळला’ हा शब्दही गैरच, कारण दगड कुणी टाळला नव्हता, तो येणारच नव्हता. आत्यानं ती बातमी वाचली नाही. मी सांगितली तेव्हा तिला समाधान झालं आणि थोडा रागही आला. तो राग मला पटतो. ज्या माणसाला तुम्ही पहिल्या पानावर घाबरवलं, त्याला दिलासाही पहिल्याच पानावर द्यायला हवा. संपादकांना माझी ही एकच विनंती आहे : चढत्या आकड्याची बातमी छापाल तेव्हाच उतरत्या आकड्यासाठी तेवढीच जागा राखून ठेवा.

वाचकांनाही सांगण्यासारखं काही आहे, कारण पुढची परीक्षा फार लांब नाही. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस या सुमारे साडेतीनशे मीटरच्या लघुग्रहासाठी २०२९ मधल्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. त्याच दिवसांत त्सुनामी आली आणि सगळं लक्ष तिकडे गेलं, शिवाय जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यामुळे ती शक्यता लगेच मिटलीही. हा अपोफिस भारतीय वेळेप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे पृथ्वीजवळून जाईल. पूर्व गोलार्धातल्या बऱ्याच भागांतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, असा अंदाज आहे. तेव्हा मथळे येतील, नकाशे येतील, लाल बाणही येतील. त्याआधी घरातल्या मुलांना सांगून ठेवा : अपोफिस जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाणार आहे, किमान पुढची शंभर वर्षं तो पृथ्वीवर आदळणार नाही, आणि हे २०२१ मध्ये रडारनं मोजून ठरलेलं आहे.